मंगळावर गाडी बंद

सूर्यमालेतल्या झाडून सगळ्या ग्रहांची बित्तंबातमी ठेवणारा आणि स्वतःची उभी नोकरी मात्र परंडा ते कुर्डुवाडी या एकाच रस्त्यावर काढलेला माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच झाला, आणि तो नेमका माझ्या वाट्याला चुलतसासरा म्हणून आला. घरातले त्यांना तात्या म्हणत, म्हणून मीही तात्या म्हणे. ते मला जावईबापू म्हणत. मी त्यांच्या निम्म्या वयाचा, त्यांच्याच गावच्या हायस्कुलात मराठी शिकवणारा साधा मास्तर, पण पुतणीचा नवरा म्हटल्यावर तात्या माझ्यासमोर खुर्चीत बसत नसत. मी ओसरीवर आलो की उठून उभे राहात आणि चहा माझ्या हातात पडेपर्यंत बसत नसत. मी या मानाचा पुरेपूर फायदा घेतला. गावाचं नाव मी इथं सांगत नाही. गाव हे वाचेल अशी भीती नाही, पण कुणीतरी गावाला वाचून दाखवेल, एवढी आहे.

तात्या कंडक्टर म्हणून निवृत्त झाले होते, आणि अंतराळ हा त्यांच्या लेखी खात्याचाच थोडा लांबचा विभाग होता. यान सुटलं की ते "डबल बेल दिली" म्हणत. चंद्राला नुसता फेरा घालणारं यान म्हणजे विनाथांबा, आणि खाली उतरून तिथंच राहणारं ते मुक्कामी. खात्याने विनावाहक गाड्या सुरू केल्या तेव्हा त्यांचे सगळे सोबती चिडले होते. तात्या एकटे खूश. म्हणाले, "हितं कुर्डुवाडीला जायला तरी डायवर लागतुया. तिकडं ना डायवर, ना कंडक्टर, आन् गाडी टायमात." इंग्रजी नावं त्यांच्या जिभेला वळत नसत, म्हणून सूर्यमाला ओलांडून गेलेल्या त्या दोन जुन्या जुळ्या यानांना त्यांनी थोरली आणि धाकटी अशी नावं ठेवली होती. त्यातली धाकटी आधी निघाली आणि थोरली मागाहून निघून तिच्या पुढं गेली, हे ते इतक्या आपुलकीनं सांगत, की आमच्या सासूबाई बरीच वर्षं त्या दोघी भावकीतल्याच कुणी समजत होत्या. एकदा त्यांनी विचारलंसुद्धा, की थोरलीला लेकरंबाळं किती. थोरलीचा आवाज पृथ्वीवर पोचायला जवळजवळ एक दिवस लागतो, हे सांगताना मात्र तात्या चष्मा काढून हातात धरत. "उशिरा येतुया, पर येतुया. ऐकायला कुणी बसलेलं पायजे."

एवढं सगळं असून या माणसानं मान वर करून आकाशाकडं कधी पाहिलं नाही. शाळेत एकदा दुर्बीण आली होती. सगळा गाव रांगेत उभा राहिला, तात्या आले नाहीत. मी कारण विचारलं, तर म्हणाले, "वर काय बघायचं, जावईबापू? गाडी गेल्यावर कुणी रिकाम्या रस्त्याकडं बघत बसतंय का? गाडीची खबर घ्यायची असती." ही खबर ते वर्तमानपत्रातून, रेडिओवरून आणि भेटेल त्या माणसाकडून घेत. रामराम, जयभीम, नमस्कार यातलं समोरच्याला जे चालत असेल ते आधी म्हणायचं आणि लगेच विचारायचं, "काय खबर?" माझ्या लग्नाच्या बैठकीत इतरांनी मला नोकरी कायम आहे का, असं विचारलं. तात्यांनी विचारलं, गुरूला चंद्र किती. मी शाळेच्या पुस्तकातला आकडा सांगितला, चार. बैठकीतल्या कुणाला काही कळलं नाही, पण तात्यांचा चेहरा पडला. "साठाच्या पुढं गेल्यात," असं ते हळूच म्हणाले, आणि वर माझी बाजू घेत सगळ्यांना बजावलं, "पर मराठीला चारच लागत्यात."

शनीभोवती तेरा वर्षं फिरलेलं एक यान शेवटी शनीतच घालून जाळलं, तेव्हा तात्या दिवसभर जेवले नाहीत. तात्यांची बायको, आमच्या काकू, वैतागून म्हणाल्या, "घरचं माणूस गेल्यावानी बसलाय की वो." तेव्हा त्यांनी आम्हाला समजावलं, की त्या यानाचं इंधन संपत आलं होतं. तसंच सोडलं असतं तर ते एखाद्या चंद्रावर पडलं असतं, आणि तिथं जीव असेल-नसेल, त्यात इथली घाण मिसळली असती. "दुसऱ्याच्या घरात घाण नगं म्हणून सोता जळालं ते. आन् जळंपतुर खबर देत हुतं." काकूंनी यावर कपाळाला हात लावला. मी हसलो. मला त्या वेळी त्यात हसण्यासारखं दिसलं. कुणाच्या मयताला गेले तरी त्यांचं हेच. लोक "गेला" म्हणत, हे म्हणत, "संपर्क तुटला." आणि यानाशी संपर्क तुटला अशी बातमी आली, की लोक "मेलं" म्हणत, त्यावर हे भडकत. "मेलं कसं म्हणता? बोलंना झालंय. आपुन हाक मारायची सोडायची न्हाय."

निवृत्तीनंतर तात्यांनी एक काम अंगावर घेतलं होतं. आमच्या फाट्यावर बसथांब्याची शेड आहे. तिच्या भिंतीवर काळा रंग फासून केलेला फळा होता, आणि त्यावर गाड्यांच्या वेळा रोज लिहायचं काम तात्या करत. कुणी सांगितलं नव्हतं. वर गाड्या लिहून झाल्या की खाली दोन ओळी सूर्यमालेच्या. "कुर्डुवाडी ९.१५. बार्शी १०. धाकटी सुखरूप." "तुळजापूर सकाळी ७. चंद्राच्या गाडीला उशीर." लोक हे वाचून हसत, पण वाचत. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सरपंचांची आई देवीच्या ओटीसाठी तुळजापूरला जाई. जीपमध्ये तिला मळमळायचं, म्हणून ती बसनंच जाणार. गाडी थांबायच्या आत खिडकीतून रुमाल टाकून तिची जागा धरणारा माणूस म्हणजे तात्या. स्वतः ते देवीला हात जोडत नसत. त्यांच्या वडलांनी छप्पनच्या दीक्षेनंतर घरातले देव उचलले, ते पुन्हा मांडले गेले नाहीत. पण म्हातारीला खिडकीची जागा मिळाली नाही असा मंगळवार गेला नाही.

या फळ्याला एकच रोग होता, तो म्हणजे मी. मी मराठीचा मास्तर, खिशात खडू. जाता-येता तात्यांचं शुद्धलेखन सुधारायची मला खोड. ते बोलतात तसं लिहीत, मी दीर्घ वेलांटीची ऱ्हस्व करी, अनुस्वार देई. तात्यांना याचा कोण अभिमान. हॉटेलवाल्याला, म्हणजे थांब्यासमोर चहाची टपरी टाकून बसलेल्या माणसाला, ते सांगत, "आमच्या फळ्याला जावईबापूंचा हात लागतुया." आमची अक्षरं मात्र लपत नसत. त्यांचा काना डावीकडं कललेला, माझा वरून खाली पट्टीनं ओढल्यासारखा.

ती बातमी मंगळावरच्या गाडीची होती. उन्हावर चालणारी सहा चाकांची गाडी तिथं कितीतरी वर्षं एकटीच खडक तपासत हिंडत होती. तिकडं धुळीचं वादळ उठलं, ऊन दिसेना, आणि गाडी बोलायची थांबली. तात्यांना सोमवारी डोळे दाखवायला बार्शीला जायचं होतं आणि रात्री लेकीकडं राहायचं होतं. पण जाण्याआधी त्यांनी फळा लिहिला, आणि खाली मोठ्या अक्षरांत, खात्याच्या भाषेत, तेवढीच बातमी लिहिली: मंगळावर गाडी बंद. धुळीमुळे. पुढील सूचनेपर्यंत.

सोमवारी दुपारी शाळेतलं प्रवेशाचं काम आटोपून मी फाट्यावर आलो. घाईत होतो, कसली घाई होती ते आता आठवत नाही. फळ्यावर नजर गेली. "मंगळावर". तात्यांनी पुन्हा काना चुकवला, असं मी मनाशी म्हटलं. ळचा काना बोटानं पुसला आणि तो पुढच्या व ला दिला. काम एका श्वासाचं. मंगळवार गाडी बंद. धुळीमुळे. खडू खिशात टाकून मी समाधानानं घरी गेलो. जून लागला होता, पाऊस नव्हता, फाट्यावर दुपारभर वावटळी उठत होत्या. तेव्हा धुळीमुळे गाडी बंद, यात कुणाला काही वावगं दिसलं नाही.

मंगळवारी सकाळी तुळजापूरची गाडी वेळेवर आली. शेडमध्ये चिटपाखरू नाही, हे पाहून डायवरनं ती थांबवलीही नाही. महिन्याचा पहिला मंगळवार होता. सरपंचांच्या आईची ओटी तशीच राहिली. अठरा वर्षांत पहिल्यांदा तिचा मंगळवार मोडला, आणि म्हातारी दिवसभर रडली. बुधवारी शेडसमोरच माणसं जमली. फळा कुणी पुसला नव्हता, तो पुरावा होता. सरपंचांचा धाकटा भाऊ म्हणाला, "तुमाला देवीचं वावडं, ते आमाला म्हाईत हाय. पर म्हातारीच्या वाराला गाडी बंद लिवायची, ही कुठली रीत?" तात्या गडबडून म्हणाले, "अवो, म्या मंगळावर लिवलं हुतं. वरच्या मंगळावर. तिथली गाडी..." लोक हसले, पण ते रोजचं हसू नव्हतं. मागून कुणीतरी म्हणालं, "मुद्दाम केलंय." सरपंच शांतपणे म्हणाले, "तात्या, समोर काय लिवलंय ते वाचा."

तात्या फळ्याजवळ गेले. नवा चष्मा लागायचा होता, म्हणून अगदी जवळ गेले. व च्या पुढचा काना त्यांनी पाहिला. सरळ, पट्टीनं ओढल्यासारखा. मग वळून त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी उभा होतो. आमच्या शाळेची संस्था सरपंचांची. मुख्याध्यापकाची जागा त्याच महिन्यात भरायची होती आणि माझं नाव त्यांच्या टेबलावर होतं. सरपंचांनी मला विचारलंसुद्धा, "सर, तुमी मराठीचे. हे मंगळवारच हाय का न्हाय?" मी म्हणालो, "आता लिहिलंय ते तरी मंगळवार असंच आहे." एका अक्षरानंही खोटं नसलेलं असं वाक्य मी आयुष्यात दुसरं बोललो नाही. तात्या म्हणाले, "चूक माजी हाय. काना चुकला माजा. मुद्दाम न्हाय केलं, लिवता येत न्हाय मला नीट." ज्यांच्या वडलांनी दिवसा ढोरं राखून पोराला अक्षर शिकवलं, त्या माणसानं पन्नास माणसांसमोर सांगितलं, की मला लिहिता येत नाही. ते सरपंचांच्या आईची माफी मागायला तिच्या दारात गेले. ती आतून बाहेर आली नाही. तिसऱ्या दिवशी फळ्यावर सरपंचांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला, आणि त्याच महिन्यात मी मुख्याध्यापक झालो.

त्यानंतर तात्या फाट्यावर जाऊन बसत, पण लिहीत नसत. सरपंचांच्या आईची जागा धरायला दुसरा माणूस ठेवला होता. गाड्या कधी येतात, हे विचारायला लोक हॉटेलवाल्याकडं जाऊ लागले. मी दर रविवारी सासरी जात असे, ते चालूच राहिलं. तात्या आधीसारखे उठून उभे राहात. फरक एवढाच, की चहा झाला की ते काकूंना काहीतरी निमित्त काढून आत पाठवत, माझ्यासमोर उकिडवे बसत आणि विचारत, "काय खबर, जावईबापू?" पूर्वी हा प्रश्न विचारून ते उत्तराची वाट न बघता स्वतःच गुरू-शनीवर घसरत. आता थांबत. मी म्हणे, "काही विशेष नाही." ते म्हणत, "बरं, बरं." पुढच्या रविवारी पुन्हा तेच. तिकडं त्या मंगळावरच्या गाडीलाही शास्त्रज्ञ रोज हाका मारत होते, हे तात्याच मला सांगत. कधी वारा येऊन धूळ उडेल आणि गाडी बोलेल, या आशेवर महिनोन्‌महिने. मला ते कळत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. मी मराठीचा मास्तर आहे. मला पहिल्या रविवारीच कळलं होतं.

मग शास्त्रज्ञांनी हाका मारणं थांबवलं. तात्यांनी नाही थांबवलं. पाच वर्षं झाली. त्या पाचव्या साली आपलं यान चंद्राच्या दक्षिण बाजूला उतरलं, त्या संध्याकाळी शाळेच्या पटांगणात पडदा लावला होता. सरपंचांचा फोटो आणि चंद्र एकाच फ्लेक्सवर, सरपंच थोडे मोठे. यान टेकलं तसे फटाके वाजले, पेढे वाटले गेले. सरपंचांनी विज्ञानावर भाषण केलं. त्यांनी चंद्राला ग्रह म्हटलं, मी टाळ्या वाजवल्या. तात्या मागं पाण्याच्या टाकीच्या पायरीवर बसले होते. सूत्रसंचालन माझ्याकडं होतं. त्यांना पुढं बोलावून दोन शब्द बोलायला सांगणं माझ्या हातात होतं. मी दोनदा त्यांच्याकडं पाहिलं आणि दोनदा पुढच्या पाहुण्यांचं नाव घेतलं. कार्यक्रम संपल्यावर तेच माझ्याकडं आले, डोळे भरलेले, दोन्ही हातांत माझा हात धरला. "मुक्कामी गाडी पोचली, जावईबापू. टायमात पोचली." आणि मग खाली आवाजात, "काय खबर?" मी म्हणालो, "तात्या, पेढा घ्या."

पुढच्या रविवारपासून त्यांनी विचारणं सोडलं. मी गेलो की उठत, चहा देववत, उसाच्या बिलाबद्दल आणि माझ्या बदलत्या ब्लडप्रेशरबद्दल बोलत. इतकं साधं बोलणारे तात्या मला सहन होईनात, म्हणून मी दर रविवारचं जाणं पंधरा दिवसांवर आणलं. गेल्या साली दिवाळीच्या आधी ते गेले. म्हणजे संपर्क तुटला. मयताला सरपंचही आले होते. "फार गमतीदार माणूस," असं म्हणाले. मी मान हलवली. मंगळावरच्या त्या गाडीची तरी बॅटरी मेली होती. माझी पाच वर्षं ठणठणीत होती.

महिन्यानं एका सोमवारी फाट्यावर उतरलो. वाऱ्यानं फ्लेक्स फाटून लोंबत होता आणि त्यामागची काळी भिंत दिसत होती. हॉटेलवाल्यानं न मागता चहा दिला. माझ्या तोंडून निघून गेलं, की त्या मंगळवारचा काना मी हलवला होता. तो गाळणी आपटत म्हणाला, "व्हय की, सर. म्या बघितलं. हितंच उभा हुतो. मला वाटलं, सरांनी दुरुस्त केलंय म्हंजे बराबरच आसंल."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीस?"

"बोलणारच हुतो. तात्यांनी हात दाबला माजा. म्हणले, तू नगं सांगू. जावईबापूंचं जावईबापू सांगत्याल, आपुन वाट बघू." त्यानं ओटा पुसला, मग तोच ओटा पुन्हा पुसला. "दर सोमवारी च्या प्यायला आले की सांगायचे, काल बी खबर न्हाय. राग न्हवता वो. डेपोत लिवत्यात तसं सांगायचे."

मी चहा तसाच ठेवला. रस्ता ओलांडला, फ्लेक्सचा उरलेला तुकडा ओढून काढला आणि रुमालानं भिंत पुसली. खिशात खडू होता. गाड्यांच्या वेळा मला पाठ नव्हत्या, त्या हॉटेलवाल्यानं समोरून ओरडून सांगितल्या. खाली मी लिहिलं, मंगळावर गाडी बंद. ळ ला काना दिला, जरा डावीकडं कललेला. एक बाई गाठोडं घेऊन शेडमध्ये येऊन बसली होती. तिनं बोट लावून अक्षरं वाचली आणि विचारलं, "उद्याची गाडी न्हाय व्हय, सर?"

"आहे, मावशी. तुमची येईल. ही लांबची गाडी आहे."

"आन् ती कशानं बंद पडली?"

"तिला रोज हाका मारत होते," मी म्हणालो. "ती बोलली नाही."

तिनं मान हलवली आणि गाठोडं जवळ ओढून घेतलं. कुर्डुवाडीची गाडी यायला अजून वेळ होता. मी तिच्या शेजारी, तात्या बसत त्या जागेवर, बसून राहिलो.